एस्सेल वर्ल्ड पूर्वी खरोखरच इतके चांगले होते, की लहानपणी सगळेच मोठे दिसते त्यातला हा प्रकार आहे?

आपण विचारले आहे की, आपल्या पिढीला एस्सेल वर्ल्ड हे मुंबईचे मनोरंजन उद्यान धड पाहायलाही मिळाले नाही, पण घरातील चाळिशीच्या पुढची माणसे त्याचे नाव निघाले की हळवी होतात आणि ‘आता तसे काही राहिले नाही’ असे म्हणतात. तर ते खरेच तितके चांगले होते का? मी साताऱ्याचा आहे, तेथे एकदाच गेलो आहे, आणि तेही नववीत असताना शाळेच्या सहलीबरोबर, १९९५ सालच्या डिसेंबरात. त्यामुळे माझे उत्तर मुंबईकराच्या उत्तरापेक्षा वेगळे असेल. थोडक्यात सांगायचे तर तेथील पाळणे आजच्या मानाने बेताचेच होते. जे विलक्षण वाटले ते तेथील तिकीट, आणि ते का वाटले हे समजण्यासाठी आधी पुसेगावच्या यात्रेत जावे लागेल.

सातारा जिल्ह्यातील मुलाला पाळणा माहीत होतो तो यात्रेत. खटाव तालुक्यातील पुसेगावला डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास सेवागिरी महाराजांची यात्रा भरते, रथावर भाविक नोटांच्या माळा चढवतात, जनावरांचा मोठा बाजार भरतो, आणि एका अंगाला आकाशपाळणा, टोराटोरा, ब्रेकडान्स, मौत का कुवाँ असा सगळा संसार थाटलेला असतो. तेथे प्रत्येक पाळण्याला वेगळे तिकीट. पत्र्याच्या खोक्यात बसलेल्या माणसापुढे पैसे सरकवायचे, त्याने फाडून दिलेला कागदाचा कपटा घामेजल्या मुठीत धरायचा, आणि बसल्यावर फेऱ्या किती मिळणार हे गर्दीवर ठरायचे; गर्दी वाढली की फेऱ्या कमी. आमच्या वर्गात एका आडत दुकानदाराचा मुलगा होता. तो टोराटोरात एका संध्याकाळी सात वेळा बसला होता. मी एकदा बसलो आणि उरलेल्या सहा वेळा त्याच्या आणि इतरांच्या चपला सांभाळत खाली उभा राहिलो. याबद्दल मला तेव्हा काही वाईट वाटले नव्हते, कारण यात्रेचा नियमच तो होता: ज्याच्या खिशात पैसे तो वर, बाकीचे खाली.

एस्सेल वर्ल्ड १९८९ साली मुंबईत गोराईला सुरू झाले. त्याआधी १९८४ साली दिल्लीत अप्पूघर हे असेच उद्यान झाले होते, परंतु दिल्ली आमच्या नकाशावर फार लांब होती. मुंबई त्या मानाने जवळची, घरटी एक तरी माणूस नोकरीला असलेली, आणि शिवाय टीव्हीवर जाहिरात अशी लागत असे की, तिची चाल गावातल्या म्हाताऱ्यांनाही पाठ झाली होती. आमच्याकडे कोणी त्याचा उच्चार नीट करत नसे. सगळे ‘येसलवर्ल्ड’ म्हणत. आता गंमत पाहा, मुंबईची माणसे सुट्टी काढून आमच्या महाबळेश्वर-पाचगणीला येत, टेबललँडवर घोड्यावर बसत, स्ट्रॉबेरी खात, आणि आम्ही मात्र दोन हप्त्यांत सहलीची फी भरून त्यांच्या खाडीपलीकडे पाळण्यात बसायला निघालो होतो.

सहल एसटीने गेली. प्रासंगिक करारावर घेतलेली लाल गाडी रात्री साताऱ्याहून सुटली. द्रुतगती मार्ग तेव्हा झालेला नव्हता, त्यामुळे जुन्या रस्त्याने खंडाळ्याचा घाट उतरेपर्यंत अर्धी गाडी ओकून मोकळी झाली होती. राणीची बाग, तारापोरवाला मत्स्यालय, गेटवे हे सगळे दोन दिवसांत पार पडले; त्याबद्दल लिहिण्यासारखे माझ्याजवळ विशेष काही नाही, कारण सर्वांचे लक्ष तिसऱ्या दिवसाकडे होते. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी धक्क्यावर थांबली आणि आम्ही बोटीत चढलो. आमच्यापैकी बहुतेकांनी तोवर पाणी पाहिले होते ते कृष्णेचे किंवा धरणाचे. दोन्ही काठांना चिखलात मुळे रोवून उभी असलेली खारफुटी, खाऱ्या पाण्याचा वास, आणि पलीकडे झाडांच्या वर डोकावणारे लोखंड, एवढे पाहूनच बोटीत एकदम शांतता पसरली. आज त्या किनाऱ्यावर विपश्यना पॅगोडाचा सोनेरी घुमट प्रथम नजरेत भरतो; आम्ही गेलो तेव्हा तो नव्हता. शेजारचे वॉटर किंगडम हे पाण्यातल्या खेळांचे उद्यानही नव्हते, ते १९९८ साली झाले.

दारात सरांनी सर्वांची एकगठ्ठा तिकिटे काढली आणि आम्हाला ओळीत उभे करून सांगितले की, आता आतमध्ये कोठेही पैसे द्यायचे नाहीत, जेथे वाटेल तेथे बसा, वाटेल तितक्या वेळा बसा, फक्त चार वाजता या झाडाखाली या. हे आम्हाला समजले नाही, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. एकाने हात वर करून विचारले, “सर, वाटेल तितक्या म्हणजे किती?” सरांनी दिलेले उत्तर मला आठवत नाही, पण पहिल्या पाळण्यावरून उतरल्यानंतर आम्ही दहा-बारा जण तेथेच घुटमळत उभे राहिलो, कोणीतरी येऊन पैसे मागेल म्हणून, हे मात्र पक्के आठवते. कोणी आले नाही. मग आम्ही धावत पुन्हा त्याच रांगेत जाऊन उभे राहिलो.

येथे एका नाण्याची गोष्ट सांगितली पाहिजे. माझा एक जवळचा मित्र सहलीला आला नव्हता. त्याचे वडील हमाली करत आणि फी त्यांना परवडणारी नव्हती. निघण्याच्या आदल्या दिवशी त्याने माझ्या हातात दोन रुपयांचे नाणे ठेवले, तेव्हा नवे निघालेले अकरा कोनांचे, आणि म्हणाला, “माझ्या नावानं एकदा बस.” यात्रेचा नियम मुंबईतही चालत असणार, असे त्याने धरले होते, आणि मीही.

ते नाणे सदऱ्याच्या खिशात घेऊन मी एंटरप्राइज नावाच्या चक्रात बसलो. हे एक मोठे चाक असते, त्याच्या कडेला लहान-लहान डबे टांगलेले असतात. आधी ते जमिनीला समांतर फिरते, वेग वाढला की डबे बाहेरच्या बाजूला फेकले जातात, आणि मग फिरता फिरताच संपूर्ण चाक उचलले जाऊन जवळजवळ उभे होते, म्हणजे माथ्यावर पोचलेल्या डब्यातला माणूस चक्क उलटा असतो. विज्ञानाच्या सरांनी वर्गात पाण्याने भरलेली बादली गरगरा फिरवून केंद्रोत्सारी बल शिकवले होते, आणि थेंब सांडला नव्हता म्हणून आम्ही टाळ्याही वाजवल्या होत्या. या चक्रात आम्हीच बादलीतले पाणी झालो. माथ्यावर गेल्यावर मला स्वतःची काळजी नव्हती, नाण्याची होती. मी छातीवर हात दाबून धरणार होतो, पण हात उचलतच नव्हता, एवढा तो जड झाला होता. नाणे पडले नाही. पडणे शक्यच नव्हते, कारण जे बल मला बैठकीवर दाबत होते तेच त्यालाही खिशात दाबत होते. हे मला शेजारच्या डब्यात बसलेल्या सरांनी खाली उतरल्यावर समजावून सांगितले, तेव्हा त्यांचा स्वतःचा चेहरा पांढराफटक पडला होता.

झिपर डिपर या रोलर कोस्टरवर मी त्या दिवशी पाच वेळा बसलो. साखळी गाडीला चढावर ओढून नेत असताना येणारा टक-टक-टक आवाज, माथ्यावर आल्यावर तो अचानक बंद होणे, आणि त्या क्षणी आमच्या वर्गातल्या सगळ्यात दांडगट मुलाने ‘आई’ म्हणून फोडलेला टाहो, हे आजही कानात आहे. तो टक-टक आवाज साखळी तुटल्यास गाडी मागे घसरू नये म्हणून बसवलेल्या खटक्याचा असतो, हे पुष्कळ वर्षांनी कळले. म्हणजे ज्या आवाजाची आम्हाला सर्वांत जास्त भीती वाटत होती तो खरे तर सुरक्षिततेचा होता.

आता आपल्या प्रश्नाकडे सरळ येतो. केवळ यंत्रांची तुलना केली तर जुने मागे पडते, याबद्दल शंका नको. २०१३ साली खोपोलीजवळ सुरू झालेल्या इमॅजिका या उद्यानातील नायट्रो ही रोलर कोस्टर माणसाला पाच वेळा उलटे करते. तिच्यापुढे झिपर डिपर म्हणजे बालवाडी. आमच्या वेळी ऊन होते, रांगा होत्या, जेवणात तिसऱ्या दिवसाच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती. पण मला जे हरवल्यासारखे वाटते ते यंत्र नव्हे. काही वर्षांपूर्वी मी मुलीला घेऊन एका मोठ्या पार्कमध्ये गेलो होतो (नाव घेत नाही). तेथे जादा पैसे भरणाऱ्यांसाठी वेगळी, आखूड रांग होती. आम्ही लांब रांगेत उभे होतो आणि शेजारून तीच तीच चार मुले पुन्हा पुन्हा पुढे जात होती. मुलीने विचारले, “बाबा, ती आपल्या आधी का?” मला एकदम पुसेगावच्या यात्रेतल्या चपला आठवल्या. १९९५ साली गोराईत आडत दुकानदाराचा मुलगा आणि मी एकाच रांगेत उभे होतो, आणि त्या दिवशी चपला सांभाळायला खाली एकच जण थांबला होता, तोही भीतीमुळे, स्वखुशीने.

अर्थात हे सगळे फी भरू शकलेल्यांपुरते होते, हे लपवून ठेवणे बरोबर होणार नाही. २०२० च्या टाळेबंदीत एस्सेल वर्ल्डचे पाळणे थांबले आणि ते पूर्वीसारखे पुन्हा फिरले नाहीत, त्यामुळे आपल्याला जाऊन पडताळा घेता येणार नाही. आमच्यासारख्यांच्या सांगण्यावरच अवलंबून राहावे लागेल, आणि आम्ही सांगणारे नेहमी वाढवूनच सांगतो, अशी आपली शंका असणार. ती रास्त आहे. माझ्याकडून मात्र एकदा कमी सांगितले गेले आहे.

सोमवारी शाळेत मी मित्राला त्याचे नाणे परत दिले. ते पाहून त्याचा चेहरा उतरला. “म्हंजे बसलाच नाहीस की!” तो म्हणाला. तेथे प्रत्येक वेळी पैसे द्यावे लागत नाहीत, हे त्याला पटवून देण्यात मधली सुट्टी संपत आली. शेवटी त्याने विचारले, “मग झिपर डिपरवर किती वेळा बसलास?”

मी दोनदा म्हणून सांगितले. “एकदा माझ्यासाठी आणि एकदा तुझ्यासाठी.”