तबकडीवरचा कान

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले सगळे फोटो भिंग लावून पाहिले. जॅझ ड्रमवादक आर्ट ब्लेकीची ‘ब्लू नोट’ कंपनीची ४००३ क्रमांकाची तबकडी, जुनी छपाई, म्हणजे त्याच काळी साच्यातून काढलेली प्रत, यात मला शंका नाही. लेबलवर ‘४७ वेस्ट ६३’ हा कंपनीचा तेव्हाचा न्यूयॉर्कचा पत्ता आहे. लेबलाभोवतीच्या मोकळ्या कड्यात ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरची ‘आरव्हीजी’ ही अक्षरं आहेत आणि शेजारी तो वळणदार ‘पी’. ती तबकड्या छापणाऱ्या प्लास्टीलाइट कारखान्याची खूण. संग्राहक तिला ‘इअर’ म्हणतात, म्हणजे कान. ब्लू नोट लिबर्टी कंपनीकडे गेली आणि १९६६ मध्ये त्या कारखान्यातली छपाई थांबली, तेव्हापासून हा कान दिसेनासा झाला. तुझा विक्रेता खोटं बोलत नाही.

पण तुझ्या चार पानी पत्रात लेबल आहे, पत्ता आहे, कव्हरचा कोपरा कितपत दुमडलाय तेही आहे. तीन महिन्यांचा पगार घालू की नवी छपाई घेऊ, हा घोळही आहे. ती वाजते कशी, हे मात्र कुठेच नाही. विक्रेता म्हणाला, वाजवली की भाव उतरतो, आणि तू ते ऐकून घेतलंस! मला रात्री झोप लागली नाही, म्हणून हे पत्र.

वाजवून ऐकल्याशिवाय घेऊ नकोस.

मी घेतली होती. १९९४ साली, घराच्या रंगकामासाठी ठेवलेल्या पैशांतून, परदेशातल्या एका विक्रेत्याकडून टपालाने. आरशासारखी चकचकीत तबकडी, एक ओरखडा नाही. पहिली दोन मिनिटं मी देवासमोर बसावं तसा बसलो होतो. मग ट्रम्पेट वर चढलं आणि आवाज फाटला. प्रत्येक चढत्या सुराला तीच खरखर, आणि सुई मध्याकडे सरकेल तशी जास्तच, कारण तिथे फेरा लहान होतो आणि तेवढ्याच वेळाचं संगीत कमी लांबीत कोंबलेलं असतं. त्या काळच्या रेडिओग्रामचा जड हात आणि झिजलेली सुई खाचांच्या भिंती खाऊन टाकतात. वरून काही दिसत नाही. दिव्याखाली तिरकी धर, भिंग लाव, ही झीज डोळ्यांना सापडेलच असं नाही. कानाला पहिल्या चढ्या सुरात सापडते. भिंतींना रंग त्यानंतर सहा वर्षांनी लागला. घरात कोणी एका शब्दाने बोललं नाही, ते मला अजून टोचतं.

आणि ‘पहिली छपाई’ या शब्दाला किती भुलायचं? माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ची १९५९ची, कोलंबिया कंपनीच्या सहा डोळ्यांची चिन्हं असलेल्या लेबलची प्रत मिळावी म्हणून माणसं वेडी होतात. २ मार्चच्या सत्रात ध्वनिमुद्रणाचं यंत्र किंचित हळू चाललं होतं, त्यामुळे त्या प्रतीची अख्खी पहिली बाजू मूळ सुरापेक्षा चढी वाजते. ती चूक दुरुस्त झाली १९९२ मध्ये. माझ्याकडे दोन्ही आहेत. सुरासाठी मी नवी लावतो आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही. तेव्हा नवी छपाई घेतलीस तर कमीपणा मानू नकोस. पण तीही वाजवून घे.

आता जे मी फारसं कोणाला सांगत नाही ते. चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर, एका पावसाळ्यात मला लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांचा गठ्ठा दिसला. वर नाव चिक चॉकलेट. आपल्या गोव्याच्या आल्दोण्याचे ट्रम्पेटवादक आंतोनियो झेवियर वाझ, मुंबईच्या ताज हॉटेलात वाजवणारे, सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त ज्यांचा वाद्यवृंद आहे तेच. लेबलं फाटकी, तबकड्यांवर बुरशी. दुकानदार म्हणाला, साहेब, ग्रामोफोनला चावी देतो, ऐका तरी. मी घड्याळ बघितलं. त्या दिवसांत माझ्या डोक्यात फक्त अमेरिका होती, न्यूयॉर्कचे पत्ते होते. पुढच्या शुक्रवारी गेलो तेव्हा गठ्ठा नव्हता. किंमत होती नगाला वीस रुपये. पाच मिनिटं ऐकलं असतं तर मी तिथून हललो नसतो, हे मला माहीत आहे, कारण पुढे एका मित्राकडे त्यातलीच एक ऐकली.

म्हणून वाजव म्हणतो. माझे मित्र म्हणतात, तू ठेवा झिजवतोस. मी दर रविवारी माझ्या जुन्या छपाया लावतो, सुईचा भार दोन ग्रॅमवर ठेवून, स्वच्छ सुईने, धुऊन पुसून. गेली तीस वर्षं. त्या अजून गातात. कपाटात गप्प ठेवून मी कोणाचं भलं केलं असतं? त्या माणसांनी रात्रभर घाम गाळला तो कव्हरच्या फोटोसाठी नव्हे. यावर माझ्याशी वाद घालू नकोस, मी ऐकणार नाही.

विक्रेत्याला सांग, रविवारी दोघं माझ्याकडे या. प्लेअर माझा, सुई माझी, तबकडीला हात फक्त त्याने लावायचा. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं आधी लावू, झीज तिथेच बोलते. तो नाही म्हणाला तर पैसे बँकेत राहू देत आणि तू एकटी ये, जेवायलाच ये.

आणि हिंडताना कुठे चिक चॉकलेटची ७८ दिसली, कितीही मळकी असो, तर मला लगेच फोन कर. रात्रीचे दोन वाजले असले तरी.

तुझा
काका