हुद्दा विचारू नकोस

प्रिय मैत्रिणी,

अनेक आशीर्वाद.

फिलिपिन्समधल्या आपल्या लॉस बान्योस विद्यापीठाच्या टोरांटोतल्या माजी विद्यार्थ्यांना एकत्र आणायचं काम इथल्या फिलिपिनो मंडळींनी एका मराठी मुलीच्या गळ्यात घातलं, हे वाचून हसू आलं. नवल मात्र वाटलं नाही. भातावर पीएचडी करायला मी लॉस बान्योसला गेलो, तेव्हा महिन्याभरात मी कुणाचा तरी ‘कुया’ झालो होतो. कुया म्हणजे दादा, आते म्हणजे ताई. हे नातं एकदा लागलं की ती माणसं तुझा देश विचारत नाहीत.

आता माझी चूक ऐक. नव्वदच्या दशकात आम्ही इथे टोरांटोत पहिला मेळावा भरवला, तोही हॉटेलात. छातीवर लावायच्या चिठ्ठ्या मीच छापून घेतल्या होत्या. नाव, बॅच आणि सध्याचा हुद्दा. माझ्याच विभागातली, माझ्याहून हुशार अशी एक आते दारापर्यंत आली, चिठ्ठ्यांच्या टेबलाकडे तिने पाहिलं आणि अंगातला कोटही न काढता परत गेली. ती तेव्हा एका घरी मुलं सांभाळत होती.

तिच्यासारख्या पुष्कळ होत्या. कॅनडाची घरात राहून सांभाळ करण्याची योजना १९९२ साली सुरू झाली आणि तिच्यातून नर्सा, शिक्षिका, पदवीधर बायका इथे आल्या. मालकाच्या घरी २४ महिने काम केल्याशिवाय कायम वास्तव्यासाठी अर्जही करता येत नसे. त्यात फिलिपिन्समधलं शालेय शिक्षण तेव्हा दहाच वर्षांचं. अकरावी-बारावी तिथे आली २०१६ मध्ये. त्यामुळे जुन्या पदव्या इथे बऱ्याचदा कमी लेखल्या जात. ती आते दारातून परत गेली त्यामागे जे होतं, त्याला तिथल्या तगालोग भाषेत ‘हिया’ म्हणतात. आपण लाज म्हणू, पण चारचौघांत आपली उतरलेली पायरी दिसेल ही धास्तीही त्यात आहे. संघ मोडतात ते भांडणांनी कमी आणि या हियाने जास्त, असं माझं मत आहे. भांडणारे निदान येतात तरी.

म्हणून चिठ्ठीवर नाव आणि बॅच, बस्स. गप्पा सुरू करायच्या असतील तर बुको पाय कुठल्या दुकानातला चांगला, एवढंच विचार. शहाळ्याच्या मलईचा तो पाय आठवला की मला कोकणातलं घर आठवतं, आणि त्यांची तासभर हुज्जत चालते. हॉटेल नको. बॅथर्स्ट आणि विल्सनच्या आसपास एखादा चर्चचा हॉल घे, बस-सबवेने येता येईल असा. वार रविवारच, कारण घरकाम करणाऱ्यांना सुटी असली तर बहुधा तेव्हाच. पानसित, म्हणजे त्यांच्या नूडल्स, कुणीतरी आणेलच, पण ‘प्रत्येकाने एक पदार्थ’ अशी सक्ती नको. रिकाम्या हाताने येणाऱ्याला ती सक्ती दारातच अडवते. दोनची वेळ दिलीस तर साडेतीनला हॉल भरेल, आपल्या साखरपुड्यासारखाच. तारीख मात्र विद्यापीठानेच देऊन ठेवली आहे. १० ऑक्टोबर हा लॉस बान्योसचा लॉयल्टी डे, १९१८ साली पहिल्या महायुद्धासाठी नावं दिलेल्या तिथल्या स्वयंसेवकांच्या आठवणीचा. कॅनडातली थँक्सगिव्हिंगची जोडसुटी त्याच्याच आगेमागे येते.

गटावर निमंत्रण टाकून मोकळी होऊ नकोस, एकेकाला फोन कर. जे कधीच येत नाहीत त्यांना आधी.

मग कामाचं. नव्याने आलेल्याला भाषणं नकोत, त्याला टीओआर हवा असतो, म्हणजे गुणपत्रिकांचा अधिकृत उतारा. पदवीच्या मूल्यमापनासाठी तो बऱ्याचदा विद्यापीठाकडूनच थेट यावा लागतो. लॉस बान्योसमध्ये खिडकीशी उभं राहून तो काढून देणारं एक माणूस शोध. इथे कुणाचं मूल्यमापन कसं झालं, परवाना कुणाला मिळाला, कुणाच्या प्रयोगशाळेत जागा आहे, याची एक वही ठेव. नेटवर्किंग म्हणतात ते माझ्या लेखी एवढंच.

एक जपायचं. ‘उतांग ना लोओब’ म्हणजे उपकाराचं ऋण, आणि तिथे ते जन्मभर मानतात. एखादा कुया नोकरी लावून देतो आणि मग वर्षानुवर्षं ते वसूल करतो, हे मी पाहिलंय. मदत संघाच्या नावाने जाऊ दे, दोघांच्या हातून.

पैशांचं थोडक्यात सांगतो. पालुवागान म्हणजे आपली भिशीच. ती कुणाला चालवायची असेल तर खुशाल चालवू दे, पण संघाच्या खात्यापासून लांब. खात्यावर दोन सह्या. फ्रॅटर्निटीवाले, म्हणजे विद्यापीठातल्या विद्यार्थी-बंधुमंडळांचे लोक, आपापला गट घेऊन येतील, त्यांना खुर्च्या लावायला सांग, खजिनदारी देऊ नकोस. आणि तिथल्या निवडणुकांचा विषय हॉलबाहेर. २०१६ आणि २०२२ या दोन निवडणुकांनी किती जुन्या मैत्र्या नासवल्या, ते तुझ्या बॅचमध्येच विचार.

ती आते आता निवृत्त आहे, विल्सनजवळच राहते. आमचं पुढे बोलणं झालं, पण मेळाव्याला ती कधी आली नाही. पहिला फोन तिला कर. माझं नाव सांगू नकोस. शेतावरच्या रोपवाटिकेबद्दल विचार, ती बोलायला लागेल.

तुझा,
कुया