पाव फुगला नाही, त्यात तुमचा काय दोष?

बर्फ पडायला लागलं की समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक तक्रार हमखास येते. शब्द बदलतात, सूर तोच. "रस्ते बंद, सुट्टी मिळाली. म्हटलं, आज सगळं घरी, अगदी पहिल्यापासून करू. पाव, सूप, बिस्किटं. आणि संध्याकाळी भांड्यांच्या ढिगासमोर रडत बसले." सांगणाऱ्यांत बायका जास्त, पण पुरुषही कमी नाहीत. पुढचा प्रश्न सगळ्यांचा एकच असतो: एवढा एक दिवससुद्धा मला धड जमू नये?

अशा अनेकांचं बोलणं एकत्र करून ही गोष्ट सांगते आहे. ओळख पटेल असं त्यात काही ठेवलेलं नाही.

ती चाळिशीची, नोकरीत चोख म्हणून नावाजलेली. बसताक्षणी तिने त्या दिवसाची यादी वाचून दाखवली: पाव, भाज्यांचा अर्क काढून सूप, राजमा, लोण्याची बिस्किटं आणि मुलाबरोबर केक. ओव्हन एक, हात दोन.

"काय बिघडलं?" मी विचारलं.

"मी."

"पदार्थांत काय बिघडलं ते विचारतेय."

"पाव दगड झाला, मॅडम. तासभर फुगू द्या असं लिहिलं होतं. दिला तासभर. हललासुद्धा नाही. मग आणखी यीस्ट घालून परत मळला. उशीर होत होता म्हणून तसाच ओव्हनमध्ये सारला. लोणी फेटलं जाईना, म्हणून मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं तर त्याचं पाणी झालं. बिस्किटं पसरून एकमेकांना चिकटली. राजमा कचकचीतच राहिला. शेवटी मुलावर खेकसले."

तिच्या या सगळ्या हकिकतीत मला महत्त्वाचा वाटला तो पहिला शब्द. काय बिघडलं? तर 'मी'. माझी बैठक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांची आहे. १९५५ च्या सुमारास त्यांनी विवेकनिष्ठ मानसोपचाराची ही वाट आखायला घेतली. घडलेली घटना आपल्याला थेट रडवत नाही, त्या घटनेबद्दल आपण स्वतःशी काय बोलतो ते रडवतं, हे तिचं मूळ सूत्र. पण हे सूत्र तोंडी सांगून कुणाच्या गळी उतरत नाही. त्यासाठी हाताला काम द्यावं लागतं.

म्हणून तिला गृहपाठ दिला. स्वयंपाकघरातला, टोचून बघायचा थर्मामीटर घ्या. पुढच्या बर्फाच्या दिवशी फक्त पाव करा आणि चार आकडे लिहून आणा: खोलीचं तापमान, पिठाचं, पाण्याचं आणि मळून झालेल्या गोळ्याचं. मन कसं होतं, ते लिहू नका.

"मी इथे स्वयंपाक शिकायला आलेली नाही," ती जरा रागानेच म्हणाली.

"मी शिकवणारही नाही. फक्त आकडे आणा."

तिने आणले. खोली १६ अंश, पीठ १५, कारण डबा बाहेरच्या भिंतीला लागून होता. नळाचं पाणी ७. मळलेला गोळा १३. पाव याही वेळी नीट झाला नव्हता, पण तिने कागद माझ्यासमोर ठेवला तेव्हा चेहरा रडवेला नव्हता, बुचकळ्यात पडलेला होता.

"तुमच्या कृतीत गोळा किती गरम धरला असेल?"

"ते लिहिलेलंच नाही."

"बहुतेक कृती साधारण २५ अंश धरून चालतात. तापमान ८-१० अंशांनी घसरलं की यीस्टचा वेग जवळपास निम्म्यावर येतो. मग तुमच्या १३ अंशांच्या गोळ्याला किती वेळ लागेल?"

ती हिशोबात पक्की. "अडीच तास. कदाचित तीन." मग बराच वेळ कागदाकडेच बघत राहिली. मी मधे बोलले नाही. अशा वेळी घाईने समजावायला जाणारा समुपदेशक हातातोंडाशी आलेला घास घालवतो. ही गप्प राहण्याची कला अंगी यायला वर्षं लागतात, आणि ती आली आहे याचं मला थोडं समाधानही आहे.

"म्हणजे यीस्ट मेलेलं नव्हतं," ती हळूहळू म्हणाली. "त्याला थंडी वाजत होती. आणि मी घड्याळाकडे बघत होते, गोळ्याकडे नाही." थोडं थांबून तिने स्वतःच विचारलं, "मग त्या दिवशी मी 'मी' असं का म्हणाले?"

हा प्रश्न मी विचारला असता तर तिने बचाव केला असता. तिने स्वतःला विचारला म्हणून त्याचं उत्तर तिला लागलं. तीन कारणांनी बिघडलेल्या तीन पदार्थांना तिने एकच कारण चिकटवलं होतं, आणि ते कारण म्हणजे ती स्वतः. पावाला ऊब कमी पडली. लोणी १८ ते २० अंशांवर असतं तेव्हाच फेटताना त्यात हवा धरली जाते. गार लोणी दाद देत नाही आणि वितळलेलं हवा धरत नाही. बारीक तुकडे करून उबेला अर्धा तास ठेवलं आणि बोटाने दाबल्यावर खळगा पडला, की ते तयार झालं. राजमा तिने दोनच तास भिजवला होता, आणि टोमॅटो सुरुवातीलाच घातले होते. आंबटाने दाणा मऊ व्हायला वेळ लागतो. यातल्या एकाही कारणात माणूस म्हणून तिची लायकी कुठे येते?

"दिवस छान जावा ही इच्छा झाली," मी म्हटलं. "छान गेलाच पाहिजे, हा हट्ट. इच्छा मोडली तर वाईट वाटतं. हट्ट मोडला की माणूस स्वतःला झोडपायला लागतो. पावाला शंभरापैकी वीस गुण द्या, बेलाशक द्या. स्वतःला गुण द्यायची वहीच बंद करा."

पुढच्या वेळी तिने गोळ्याला ऊब दिली, आणि मुलाला ओट्याशी घेतलं. भांड्याला बाहेरून रबर लावून गोळा कितपत चढला यावर नजर ठेवायचं काम त्याचं.

हेच करून बघणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर सांगते. मैदा ५०० ग्रॅम (पावासाठी मिळतो तो, जास्त प्रथिनांचा), पाणी ३४० ग्रॅम, मीठ १० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम. वाटीने मोजू नका, वजन करा. मैदा दाबून भरला की सैल, यावर एका वाटीत २०-३० ग्रॅमचा फरक सहज पडतो. पाणी किती गरम घ्यायचं याचा बेकरीवाल्यांचा हिशोब सोपा आहे. हव्या त्या २५ अंशांची तिप्पट, म्हणजे ७५. त्यातून, तिचेच आकडे घेतले तर, खोलीचे १६, पिठाचे १५ आणि हाताने मळण्याच्या उष्णतेचे दोनेक अंश वजा करा. उरले ४२. याच्या फार वर जाऊ नका, ५५-६० अंशांच्या आसपास यीस्ट मरतं. दहा मिनिटं मळून झाल्यावर गोळा बंद ओव्हनमध्ये ठेवा, ओव्हन न लावता, खालच्या कप्प्यात उकळत्या पाण्याचं भांडं ठेवून. रबराच्या खुणेपासून दुप्पट चढला की आकार द्या आणि पुन्हा फुगू द्या. यावेळी पिठात बुडवलेल्या बोटाने हलकेच दाबा. खळगा झटकन भरला तर अजून थांबा, सावकाश आणि अर्धवट भरला तर भाजायला घ्या, भरलाच नाही तर उशीर झाला आहे. ओव्हन तापवण्याआधी गोळा आणि पाण्याचं भांडं बाहेर काढायला विसरू नका. हे विसरणारे दर हिवाळ्यात भेटतात! २३० अंशांवर वाफेसह १५ मिनिटं, मग २०० वर आणखी वीसेक मिनिटं. आतलं तापमान ९३ ते ९६ आलं की झाला. आणि तासभर कापू नका. गरम पावातला स्टार्च अजून बसलेला नसतो, सुरीला चिकट लगदा लागतो आणि पाव कच्चा राहिला असं उगाच वाटतं.

राजम्याबाबत मात्र हयगय नको. रात्रभर भिजवा, ते पाणी टाका, आणि ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळा. कच्च्या लाल राजम्यातल्या लेक्टिन नावाच्या विषारी प्रथिनाने उलट्या-जुलाब होतात, आणि मंद आचेच्या स्लो कुकरमध्ये ते जाईलच असं नाही.

दिवसाची आखणी करताना मी एकच अट घालते: वाट बघायला लावणारा पदार्थ एक. पाव असेल तर सूप साधं ठेवा, पाव दुसऱ्यांदा फुगत असताना ४५ मिनिटांत भाज्यांचा अर्क निघतो. मधला वेळ रिकामा राहू द्या. दारापुढचा बर्फ ओढा, भांडी घासा, नुसते बसा. रिकाम्या वेळेत बिस्किटं कोंबण्याचा मोह होतो आणि रडारड बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते.

एक गोष्ट वेगळी काढून सांगायला हवी. प्रश्न एखाद्या बर्फाळ दिवसाचा नसेल, दर हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे मन खचत असेल, झोप वाढत असेल, पाव-बिस्किटांसारखं खाण्याची ओढ आवरत नसेल, तर थर्मामीटर आणि माझ्या गप्पा पुरणार नाहीत. ऋतूनुसार येणाऱ्या या नैराश्याचं वर्णन नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये केलं. त्यावर प्रकाशोपचार, औषधं, बोलण्यातून उपचार, सगळं उपलब्ध आहे. सकाळी १०,००० लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) दिव्यासमोर अर्धा तास बसण्याचा उपाय पुष्कळांना लागू पडतो, पण डोळ्यांचा विकार असलेल्यांनी किंवा मनःस्थितीत टोकाचे चढउतार होणाऱ्यांनी तो परस्पर सुरू करू नये, आधी डॉक्टरांना भेटावं.

शेवटच्या भेटीत तिने विचारलं ते उरलेल्या पावाचं काय करायचं एवढंच. फ्रिजमध्ये नको, तिथे तो लवकर शिळा होतो. काप करून फ्रीझरमध्ये टाका, आणि लागतील तेवढे थेट टोस्टरमध्ये.