दिवाळीत कुत्र्या-मांजराला भेट काय द्यावी? खेळणं सुरक्षित आहे हे कसं ओळखायचं?

तुमच्या घरात आठ महिन्यांचा लॅब्राडॉर आहे, दोन वर्षांची मांजर आहे आणि दोघांची ही एकत्र पहिलीच दिवाळी, असं तुम्ही लिहिलंय. भेट जरूर द्या. आपली दिवाळीच वसुबारसेला गाय-वासराला ओवाळून सुरू होते, मग घरातल्या जनावरांना का वगळायचं? फक्त दुकानात जाण्याआधी एक काम करा. घरात येणाऱ्या मिठाईच्या खोक्यांवरच्या रिबिनी खोकं हातात आल्याआल्या काढा आणि झाकणाच्या डब्यात टाका.

हे मी इतक्या आग्रहानं सांगते, कारण तीन वर्षांपूर्वी पाडव्याला आमच्या मांजरीनं अशीच एक सोनेरी रिबीन गिळली. आम्हा कुणाला पत्ताही नव्हता. भाऊबिजेच्या रात्री उलट्या सुरू झाल्या आणि सकाळपर्यंत पाणीही पोटात ठरेना. डॉक्टरांनी तिचं तोंड उघडून जीभ वर केली, तर रिबिनीचं एक टोक जिभेच्या बुडाशी अडकलेलं. मांजराच्या जिभेवरचे बारीक काटे घशाकडे वळलेले असतात, त्यामुळे दोरा एकदा तोंडात गेला की तिला तो थुंकता येत नाही, आतच जात राहतो. एक टोक वर अडकलेलं आणि उरलेला दोरा आतड्यात, अशा वेळी नाडीवर परकराचा नेफा गोळा होतो ना, तसं आतडं त्या दोऱ्यावर चुणत जातं आणि दोरा आतून ते कापू लागतो. ऑपरेशन करावं लागलं. ती वाचली, पण ते दोन दिवस मी विसरणार नाही.

म्हणून लोकर, जर, शिवणाचा दोरा, मांजा, आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या यांतलं काहीही मांजरीच्या खेळण्यात नको. काठीला पिसं बांधलेलं खेळणं मांजरांना फार आवडतं, ते घ्या. पण खेळवून झालं की कपाटात ठेवा. आणि कधी तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा लोंबताना दिसला, तर ओढू नका. तसाच दवाखाना गाठा.

आता लॅब्राडॉर. ही जात आधी गिळते आणि मग विचार करते, त्यामुळे त्याच्यासाठी पहिली कसोटी आकाराची. चेंडू तोंडात धरल्यावर दाढांच्या मागे सरकता कामा नये. लाळेनं बुळबुळीत झालेला लहान रबरी चेंडू घशात बसला की श्वासच बंद होतो. शंका आली तर एक माप मोठंच घ्या. दुसरी कसोटी कडकपणाची. खेळण्यावर अंगठ्याचं नख दाबून पाहा. जरासुद्धा रुतलं नाही तर ते त्याच्या दातांसाठी फार कडक आहे. आठव्या महिन्यात त्याचे पक्के दात आलेले असतात. शिंग, खूर, कडक नायलॉन चावताना वरच्या मोठ्या दाढेचा कपचा उडाला, तर ती दाढ परत येत नाही. टेनिसचा चेंडू फेकून आणायला चांगला, पण तासन्‌तास चघळायला देऊ नका, त्यावरची लव दात झिजवते.

कच्च्या कातड्याची, गाठ मारलेली ‘हाडं’ सगळीकडे मिळतात आणि स्वस्त असतात. मी घेत नाही. ती चघळून मऊ झाली की मोठा तुकडा अख्खा गिळला जातो आणि पोटात फुगतो. दाबल्यावर वाजणारी कापडी खेळणी द्यायची तर तुम्ही समोर बसून द्या. कुत्र्याचं सगळं लक्ष आतली शिट्टी काढण्याकडेच असतं.

पाकिटावर ‘नॉन-टॉक्सिक’ छापलंय म्हणून निश्चिंत होऊ नका. आपल्याकडे 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, पण तो नियम 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी आहे. उलट, मुलांचं चिन्हवालं खेळणं कुत्र्याला दिलं तरी पंचाईतच. ते कुत्र्याच्या जबड्यासाठी बनलेलं नसतं. डोळ्यांची बटणं निघतात, आणि आत बटणासारखा चपटा सेल असेल तर तो गिळल्यावर काही तासांत अन्ननलिका भाजते.

खाऊच्या भेटींबद्दल थोडक्यात, पण हे पाहुण्यांनाही सांगून ठेवा. सुक्या मेव्याच्या डब्यातले बेदाणे आणि मनुका कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पाडू शकतात, आणि किती खाल्ले तर चालतात असं कोणतंही प्रमाण नाही. चिवड्यात बेदाणे असतात, कधी तळलेला कांदाही. चॉकलेट जितकं काळं तितकं वाईट. ‘शुगर फ्री’ मिठाईत झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो एक गोड पदार्थ) असेल, तर कुत्र्याची साखर एकदम उतरते आणि यकृतही जाऊ शकतं. मांजरीसाठी आणखी एक धोका म्हणजे भेट आलेल्या गुच्छातली लिली. अंगावर पडलेले पराग चाटले किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायली, तरी मूत्रपिंडांवर बेततं. असा गुच्छ आमच्याकडे आला की मी तो दारातूनच शेजारी देते, त्यांच्याकडे मांजर नाही.

मग द्यायचं काय? कुत्र्याला पोकळ, जाड रबरी खेळणं. दोन्ही बाजूंना भोक असलेलं पाहून घ्या, एकाच भोकाच्या खेळण्यात हवा ओढली जाऊन जीभ अडकते. त्यात उकडलेलं रताळं आणि साधं दही भरून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फटाके सुरू होण्याआधी, खिडक्या लावून आतल्या खोलीत द्या. चाटत राहिल्यानं बरीच कुत्री शांत होतात. घाबरून त्यानं तोंड लावलं नाही, तर जबरदस्ती नको, नुसतं जवळ बसा. मांजरीला मिठाईचं मोठं खोकं, पिना आणि चिकटपट्टी काढून, बाजूला एक भोक पाडून. आमची अजूनही महागड्या गादीपेक्षा त्यातच झोपते.

दिवाळीत कोणता दवाखाना रात्री उघडा असतो, हे आत्ताच फोन करून विचारून ठेवा. काही गिळलंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, त्या मिठानंच विषबाधा होते. तुमचा लॅब्राडॉर खेळणं चघळतो की फाडून गिळतो, ते खाली लिहा. वजनही कळवा, म्हणजे चेंडूचं माप नेमकं सांगता येईल.