वाचकांचे प्रश्न : उताऱ्यातले व्याकरण

प्रश्न : मी नाशिकरोडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. माझा एक माजी विद्यार्थी चीनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेत आहे. सुटीत घरी येताना त्याने तिथल्या महाविद्यालयीन प्रवेश परीक्षेच्या इंग्रजी सरावाचे एक पुस्तक मला आणून दिले. सूचना चिनी भाषेत असल्या तरी उतारे इंग्रजीतच आहेत आणि ते मला आवडले. ही परीक्षा नेमकी कशी असते, आणि आपल्या अकरावी-बारावीच्या मुलांकडून असा सराव करून घेणे योग्य ठरेल का?
— एक शिक्षिका, नाशिकरोड

उत्तर : आपल्या विद्यार्थ्याने आणलेले पुस्तक ‘गाओकाओ’ या परीक्षेचे आहे. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात दहा वर्षे बंद पडलेली ही परीक्षा 1977 मध्ये पुन्हा सुरू झाली. आता ती दरवर्षी 7 जूनला सुरू होते, आणि 2024 मध्ये तिच्यासाठी 1 कोटी 34 लाख 20 हजार विद्यार्थ्यांनी नावे नोंदवली होती. बहुतेक प्रांतांत एकूण गुण 750 असतात आणि त्यांपैकी चिनी, गणित व परकीय भाषा यांना प्रत्येकी 150 गुण असतात. परकीय भाषा म्हणून जपानी किंवा रशियनही घेता येते, परंतु बहुसंख्य मुले इंग्रजीच घेतात.

बीजिंग, शांघाय यांसारख्या काही ठिकाणी प्रश्नपत्रिका वेगळी असते. अनेक प्रांतांत वापरल्या जाणाऱ्या राष्ट्रीय प्रश्नपत्रिकेत दोन तासांत श्रवणाला 30, वाचनाला 50, भाषेच्या वापराला 30 आणि लेखनाला 40 गुण असतात. ‘व्याकरण’ या नावाचा वेगळा विभाग त्यात नाही, आणि आपल्या प्रश्नाचे मर्म मला इथेच दिसते. पूर्वी तिथेही एकेक सुटे वाक्य देऊन चार पर्यायांतून योग्य रूप निवडण्याचे प्रश्न विचारले जात. 2014 मध्ये राष्ट्रीय प्रश्नपत्रिकेतून ते काढून टाकण्यात आले आणि त्यांच्या जागी सुमारे दोनशे शब्दांचा एक सलग उतारा आला. त्या उताऱ्यात दहा रिकाम्या जागा असतात आणि प्रत्येकीला दीड गुण असतो. काही जागांपुढे क्रियापदाचे किंवा नामाचे मूळ रूप दिलेले असते, त्याचे योग्य रूप करावे लागते. उरलेल्या जागांपुढे काहीच दिलेले नसते, आणि तिथे उपपद, शब्दयोगी अव्यय, उभयान्वयी अव्यय किंवा संबंधी सर्वनाम मुलाने स्वतः ओळखायचे असते. पर्यायच नसल्यामुळे अंदाजाने खूण करण्याची सोय राहत नाही.

हा बदल मला मनापासून पटतो. आपल्या बारावीच्या प्रश्नपत्रिकेत ‘डू अ‍ॅज डायरेक्टेड’खाली जी वाक्ये येतात, ती धड्याच्या उताऱ्यातूनच घेतलेली असतात, पण मूल उताऱ्याकडे पाहतही नाही. ‘नो सूनर दॅन’चा साचा आठवतो, वाक्य त्यात बसवतो आणि पुढे जातो. रूपांतर बरोबर येते. मात्र त्याच मुलाला स्वतःहून चार वाक्ये लिहायला सांगितली की काळ चुकतो. कोणता काळ वापरायचा, हे सुट्या वाक्याला ठाऊक नसते. ते आधीचे आणि नंतरचे वाक्य सांगते.

आपल्या परिसरातले एक उदाहरण घेऊ. वर्गात मी पुढील वाक्ये फळ्यावर लिहिली होती : ‘माय अंकल, ___ लिव्हज निअर दिंडोरी, ___ ग्रेप्स फॉर ट्वेन्टी इयर्स. ही गेट्स अप अर्ली टू चेक द लीव्हज, ___ कॅन बी ___ बाय फंगस ओव्हरनाइट इन वेट वेदर.’ दुसऱ्या जागेसाठी ‘ग्रो’ आणि चौथ्या जागेसाठी ‘डॅमेज’ हे मूळ शब्द दिले होते. ढगाळ हवेत केवडा हा द्राक्षांवरचा बुरशीचा रोग एका रात्रीत कसा पसरतो, हे वर्गातल्या निम्म्या मुलांना घरूनच ठाऊक होते, त्यामुळे अर्थाची अडचण कोणालाच आली नाही. तरीही दुसऱ्या जागी बहुतेकांनी ‘इज ग्रोइंग’ लिहिले. कारण साधे आहे. मराठीत आपण ‘काका वीस वर्षांपासून द्राक्षे पिकवत आहेत’ असे म्हणतो आणि आपले ‘आहेत’ तसेच्या तसे इंग्रजीत उतरते. ‘फॉर ट्वेन्टी इयर्स’ हे शब्द वाक्याच्या शेवटी उभे राहून ‘हॅज ग्रोन’ किंवा ‘हॅज बीन ग्रोइंग’ सांगत होते. पण मुले रिकाम्या जागेपाशीच थांबली, वाक्य शेवटपर्यंत वाचलेच नाही. तिसऱ्या जागी ‘दे’ लिहिणारेही होते. स्वल्पविरामानंतर नवे वाक्य सुरू होत नाही, म्हणून तिथे ‘विच’ हवे, हे सुटे नियम पाठ करून कळत नाही.

तेव्हा हा सराव जरूर करून घ्यावा, पण पुस्तक जसेच्या तसे वापरू नये. ते चिनी मुलांच्या चुका डोळ्यांसमोर ठेवून तयार झालेले आहे. चिनी भाषेत क्रियापदाचे रूप काळानुसार किंवा पुरुषानुसार बदलत नाही, आणि नामाचे अनेकवचनही सहसा वेगळे होत नाही. त्यामुळे तिथली मुले ‘ग्रो’ हे ‘ग्रो’च ठेवून देतात, आणि म्हणून त्या पुस्तकात क्रियापदांच्या रूपांवर इतका भर दिसतो. क्रियापद बदलते हे आपल्या मुलांना मराठीमुळे मुळातच ठाऊक असते; त्यांची चूक कुठे बदलायचे आणि किती, यात होते. उपपदांची अडचण मात्र दोघांचीही सारखीच आहे, कारण ‘अ’ आणि ‘द’ यांच्यासारखे शब्द ना चिनीत आहेत ना मराठीत. आणखी एक साम्य मला फार महत्त्वाचे वाटते. मराठीत ‘जरी’ आले की ‘तरी’ येतेच, आणि चिनीतही ‘यद्यपि’च्या अर्थाचा शब्द आला की पुढे ‘परंतु’च्या अर्थाचा शब्द जोडीने येतो. म्हणून ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वुई वेन्ट’ हे चुकीचे वाक्य नाशिकच्या वर्गात जसे सापडते तसे चीनमधल्या वर्गातही सापडते. या मुद्द्यावरचे त्या पुस्तकातले प्रश्न आपल्या मुलांनाही तितकेच उपयोगी पडतील.

पुस्तकातले उतारे संपल्यावर आपण स्वतः उतारे तयार करावेत. इंग्रजी वर्तमानपत्रातली दोनशे शब्दांची एखादी बातमी घ्यावी आणि दहा शब्द गाळावेत. चार क्रियापदे मूळ रूपात द्यावीत. ‘डिसाइड’पासून ‘डिसिजन’ किंवा ‘केअर’पासून ‘केअरफुली’ करावे लागेल अशा दोन जागा ठेवाव्यात. आणि उरलेल्या चार जागा उपपद, शब्दयोगी अव्यय, उभयान्वयी अव्यय व संबंधी सर्वनाम यांसाठी कोऱ्या ठेवाव्यात. मुलांनी पेन हातात घेण्यापूर्वी उतारा एकदा सलग वाचलाच पाहिजे, ही अट मात्र सोडू नये.

त्याच पुस्तकात आपल्याला सात वाक्यांतून पाच निवडण्याचा प्रकार दिसला असेल. उताऱ्यातून पाच वाक्ये काढून घेतलेली असतात, खाली सात दिलेली असतात आणि दोन फसवी असतात. यासाठी वर्गात पुस्तकाचीही गरज नाही. एक परिच्छेद कागदावर मोठ्या अक्षरांत लिहावा, त्याच्या वाक्यागणिक पट्ट्या कापाव्यात आणि चार-चार मुलांच्या गटाला त्या पुन्हा जुळवायला द्याव्यात. ‘दिज’, ‘हाउएव्हर’, ‘वन ऑफ देम’ असे शब्द मागच्या वाक्याचा हात धरून उभे असतात, हे मुलांना पट्ट्या हलवताना कळते, आणि एकदा कळले की ती ते विसरत नाहीत.

प्रश्न : मी बारावी विज्ञान शाखेत शिकतो. केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेशासाठी सीयूईटी देणार आहे. इंग्रजीचे अपठित उतारे सोडवताना मला वेळ पुरत नाही आणि कठीण शब्द आला की मी अडकतो. दोन पर्याय बरोबर वाटतात, त्यांतला नेमका चुकीचा निवडला जातो. काय करावे?
— एक विद्यार्थी, सिन्नर

उत्तर : तुझ्या परीक्षेत 2025 पासून 60 मिनिटांत 50 प्रश्न असतात. बरोबर उत्तराला पाच गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक कापला जातो. त्यामुळे ‘दोन्ही बरोबर वाटतात’ ही अडचण आधी दूर करू. शब्दांचा प्रश्न त्यामागोमाग सुटेल.

वरच्या उत्तरात उल्लेख केलेल्या चिनी परीक्षेत आकलनाचे चार उतारे आणि त्यांवर पंधरा प्रश्न असतात. पहिला उतारा बहुधा माहितीपत्रक, जाहिरात किंवा वेळापत्रक असा व्यवहारातला असतो, मग एखादी कथनपर हकिकत येते आणि शेवटचे उतारे विज्ञान किंवा समाजाविषयी विवेचन करणारे असतात. प्रत्येक उतारा एकाच पद्धतीने वाचायचा नसतो, हे तिथली मुले सरावातून शिकतात. वेळापत्रकासारख्या उताऱ्यात आधी प्रश्न वाचून मग उत्तर शोधावे. विवेचनात मात्र आधी उतारा वाचावा आणि प्रत्येक परिच्छेदाशेजारी पेन्सिलीने मराठीत दोन-तीन शब्द लिहावेत : ‘अडचण’, ‘आधीचा उपाय’, ‘नवा प्रयोग’. त्या शब्दांवरून कोणता प्रश्न कोणत्या परिच्छेदाचा, हे लगेच दिसते. संगणकावरच्या परीक्षेत पेन्सिलीची ही खूण मनात करावी लागेल, पण सरावाच्या पहिल्या दोन महिन्यांत ती कागदावरच कर.

आता पर्यायांकडे वळू. समज, उताऱ्यात लिहिले आहे की गंगापूर धरणातून विसर्ग वाढला आणि गोदाकाठी दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत पाणी आले, तेव्हा दुकानदारांनी माल वर हलवायला सुरुवात केली. प्रश्न असा : दुकानदार मूर्तीकडे का पाहत होते? एक पर्याय सांगतो की ती मूर्ती लोकांच्या श्रद्धेचे स्थान आहे. दुसरा सांगतो की पाणी किती चढले हे मूर्तीवरून कळते. तिसरा सांगतो की पाणी छातीपर्यंत आल्यावर धरणातून विसर्ग वाढवण्यात आला. पहिला पर्याय खरा आहे, नाशिकचा कोणीही माणूस तो मान्य करील. परंतु उताऱ्याने तसे कुठे म्हटलेले नाही. तिसऱ्यात शब्द सगळे उताऱ्यातलेच आहेत, फक्त आधी काय झाले आणि नंतर काय झाले यांची अदलाबदल केली आहे. उत्तर दुसरे आहे. तुझे बहुतेक चुकलेले प्रश्न याच दोन प्रकारांत मोडतील : जगात खरे पण उताऱ्यात नसलेले, आणि उताऱ्यातले शब्द उचलून अर्थ फिरवलेले. पर्याय निवडताना उताऱ्यातल्या ज्या ओळीवरून तो सिद्ध होतो, तिच्यावर बोट ठेवता आले पाहिजे. बोट ठेवता येत नसेल तर तो पर्याय सोडून दे.

कठीण शब्दाविषयी थोडक्यात सांगतो. चिनी विद्यार्थी साडेतीन हजार शब्दांची यादी पाठ करतात, आणि त्यांनाही परीक्षेत अनोळखी शब्द भेटतातच. शब्दाचा अर्थ पुढच्या वाक्यातल्या उदाहरणातून किंवा ‘बट’नंतरच्या विरोधातून बहुधा उलगडतो. उलगडला नाही तर तो शब्द झाकून वाक्य वाचून पाहा; पुष्कळदा त्याच्यावाचून काही अडत नाही असे आढळेल.

प्रश्न : माझा मुलगा मराठी माध्यमातून दहावी झाला असून आता अकरावीत आहे. त्याने आधी व्याकरणाचे पुस्तक पूर्ण संपवावे आणि मग उतारे सोडवावेत, असे मला वाटते. हे बरोबर आहे का?
— एक पालक, ओझर

उत्तर : आपली काळजी मी समजू शकतो, पण हा क्रम मला योग्य वाटत नाही. व्याकरणाचे पुस्तक कधी संपत नाही, आणि ते संपायची वाट पाहण्यात अकरावीचे वर्ष निघून जाते. आठवड्याला तीन छोटे उतारे आणि त्यांत जे चुकले तेवढेच व्याकरण, असा बेत करावा.

यासाठी एक स्वतंत्र वही करावी. चुकलेल्या प्रश्नांची अशी वही ठेवण्याची सवय चिनी विद्यार्थ्यांत सर्रास आढळते आणि ती आपल्याकडे आणण्याजोगी आहे. डाव्या पानावर चुकलेले वाक्य संपूर्ण उतरवून घ्यावे, सुटा शब्द नको. उजव्या पानावर दोनच गोष्टी लिहाव्यात : मी हे का लिहिले, आणि वाक्यातला कोणता शब्द मला थांबवायला हवा होता. माझ्या एका विद्यार्थिनीच्या वहीत पहिल्या महिन्यात ‘मराठीत असे म्हणतात म्हणून’ हे कारण अकरा वेळा आले होते आणि त्यातली सात वाक्ये ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ची होती. तिला काय शिकवायचे, हे मला त्या वहीने सांगितले. मग तेवढा एकच धडा आम्ही दोन दिवस केला. पुढच्या महिन्यात ‘सिन्स’चे एकच वाक्य वहीत आले, उपपदांची मात्र चौदा. मग आम्ही उपपदांकडे वळलो.

मुलाला व्याकरणाचे पुस्तक जरूर घेऊन द्यावे, परंतु ते शब्दकोशासारखे अडले की उघडण्यासाठी जवळ ठेवावे. उतारे निवडताना पहिले दोन महिने त्याच्या ओळखीचेच विषय घ्यावेत : क्रिकेट, शेती, विमाने. ओझरला विमानांच्या कारखान्याजवळ वाढलेल्या मुलाला ‘विंग’ आणि ‘हँगर’ हे शब्द समजावून सांगावे लागणार नाहीत, आणि त्याचे सगळे लक्ष वाक्याच्या बांधणीकडे राहील. वही दर रविवारी आपणही पाहावी. इंग्रजी येत नसले तरी चालेल. ‘हे का लिहिलेस?’ असे विचारून त्याला मराठीतच समजावून सांगायला लावावे. जे त्याला सांगता येणार नाही, ते वाक्य त्याने सोमवारी वर्गात शिक्षकांना दाखवावे.