सेमिनरीची शिष्यवृत्ती एकाचीच असते

भाऊ, जय ख्रिस्त.

सेरामपूरचं बी.डी., म्हणजे धर्मशास्त्राची पदवी, झालंय, नगरला पाळक आहात, आता अमेरिकेतल्या सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या कॉलेजात, एम.डिव्ह. करू की त्यापुढचं टीएच.एम., आणि बायको-मुलीला आणू का, असं विचारलंत. अर्ज, टोफेल, व्हिसाची फी सगळं त्यांच्या साइटवर आहे, ते सांगत बसत नाही.

पहिल्याचं उत्तर सोपं. बऱ्याच सेमिनऱ्या बी.डी. एम.डिव्ह.च्या तोडीचं धरतात. मग पुन्हा तीन वर्षं कशाला? वर्षभराचं टीएच.एम. करा. हिब्रू-ग्रीक मात्र घासून या. हिब्रूच्या तासाला शेजारच्या मुलाने मला विचारलं होतं, तुमच्या भाषेत बायबल आहे का? म्हटलं, पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं मराठीत आणलं, १९२४ मध्ये छापून निघालं. गप्प बसला.

आता पैशांचं. शिष्यवृत्ती तुमची असते, घरच्यांची नाही. आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी सेमिनरी देते त्या फॉर्मवर, त्यांची नावं घालायची तर त्यांच्या वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधी दाखवा. पाळकाच्या पगारावर? आमच्या वेळी सासऱ्यांनी रिटायरमेंटची एफडी पुढे केली. त्यात माझ्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. अ‍ॅफिडेव्हिट पाठवलं, तर इकडून पत्र, या दोघी एकच कशावरून? अहो, तेच तर त्यात लिहिलंय!

एफ-२ वर, म्हणजे विद्यार्थ्याच्या घरच्यांच्या व्हिसावर, आलेल्या जोडीदाराला नोकरी करता येत नाही. अजिबात नाही. माझा नवरा नगरला गणिताचे सर. ट्यूशनच्या पोरांच्या चपलांचा दारात ढीग पडायचा. इथे तो कॅम्पसच्या लाँड्रीत मशीन थांबायची वाट बघायचा, आणि कुणी 'काय करता?' विचारलं की माझ्याकडे बघायचा. तुमच्या मिसेस सिव्हिलला सिस्टर आहेत म्हणता.

मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर 'घरची भाषा' असा रकाना होता. नवरा म्हणाला, इंग्लिश लिही. मी म्हटलं, देवाचं शिकायला आलो आणि सुरुवात खोट्याने? मराठी लिहिलं. झालं! नगरच्या कॉन्व्हेंटमधली माझी पोर, तिला रोज सायन्सच्या तासाला उठवून इंग्रजी शिकवायला वेगळ्या खोलीत न्यायचे. बाईंना भेटले. त्या गोड हसून म्हणाल्या, पुढची इंग्रजीची टेस्ट होऊ दे. ती टेस्ट वर्षाच्या शेवटी. आता पोरगी कॉलेजात आहे, मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते. माझा राग अजून गेलेला नाही, पण कुणावर आहे ते धड सांगता येत नाही.

एकटेपणाचं म्हणाल तर असतो. अभ्यासात जाणवत नाही, रविवारी जाणवतो. चालायचंच.

परत येण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. 'शिकून मंडळीच्या सेवेत परत येतील' असं बिशपसाहेबांच्या शिफारसपत्रात असतं. माझ्याही होतं. व्हिसाच्या खिडकीवर मीही तेच बोलले, आणि मनापासून बोलले. मग हॉस्पिटलमध्ये सीपीईचे, म्हणजे रुग्णांची पाळकी सेवा शिकण्याचे, ४०० तास केले, तिथेच चॅप्लन, म्हणजे हॉस्पिटलची पाळक, म्हणून लागले, पोरगी हायस्कूलला गेली. अजूनही नगरहून फोन येतो, 'मॅडम, कधी येताय?' मी विचारते, पाऊस कसाय यंदा?

वहिनींना आणायचं का, हे मला का विचारता? एवढ्या मोठ्या पत्रात त्यांचं म्हणणं एका ओळीतही नाही. त्यांनाच लिहायला सांगा. शनिवारी मला सुट्टी असते, फोन केला तरी चालेल.