साखर बंद केली तरी शुगर उतरत नाही, आता आणखी काय सोडू?

तुम्ही लिहिलंय की एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, ८.२ आला, तेव्हापासून महिनाभर साखर, गोडधोड, फळं सगळं बंद आहे, तरीही जेवणानंतरची शुगर २४० च्या खाली येत नाही. आणि शेवटी विचारलंय, ‘आता आणखी काय सोडू?’

मी डॉक्टर नाही, अकरा वर्षं टाइप २ डायबेटिस सांभाळणारा पेशंट आहे. तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण पहिले आठ महिने मीही हेच करत होतो. रिपोर्ट आला त्याच संध्याकाळी साखरेचा डबा फळीवर सगळ्यात वर गेला. चहा बिनसाखरेचा झाला. ताटातला भात मात्र होता तेवढाच राहिला. खरं सांगायचं तर गोड सोडल्याच्या बदल्यात थोडा वाढलाच.

एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर मी माझा भात मोजला. शिजलेला भात भरला ३०० ग्रॅम. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण २८ ग्रॅम कार्बोहायड्रेट असतात, म्हणजे एका जेवणात ८४ ग्रॅम. चहातली जी दोन चमचे साखर सोडून मी स्वतःची पाठ थोपटत होतो, ती होती जेमतेम ८ ग्रॅम! भातातला, ब्रेडमधला किंवा बटाट्यातला स्टार्च म्हणजे ग्लुकोजचीच लांबलचक साखळी. पोटात ती तुटते आणि ग्लुकोज रक्तात उतरतं. साध्या साखरेत निम्मं ग्लुकोज आणि निम्मं फ्रुक्टोज असतं, स्टार्च तर सगळाच ग्लुकोज. चव गोड नाही एवढ्याने तो सुटत नाही. ‘शुगर फ्री’ बिस्किटांचंही तेच, साखर काढली तरी मैदा आतच असतो. आणि साखरेऐवजी मध घेत असाल तर तोही साखरेतच धरा.

म्हणून आता सोडण्याची यादी वाढवू नका, मोजायला लागा. ग्लुकोमीटर घरी असेलच. जेवणाआधी एकदा बघा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी पुन्हा एकदा. दोन्ही आकडे वहीत लिहा आणि शेजारी काय खाल्लं, किती खाल्लं तेही लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. माझ्या जुन्या वहीतले आकडे देतो: नेहमीचं भाताचं ताट, २३८. भात निम्मा आणि त्या जागी भाजी नि कडधान्य, १८४. तेच ताट, पण आधी भाजी, मग कडधान्य, भात सगळ्यात शेवटी आणि जेवून पंधरा मिनिटं चालणं, १५६. हे आकडे माझे आहेत, तुमचे वेगळे येतील. बऱ्याच प्रौढांसाठी जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत असं लक्ष्य धरतात. वय जास्त असेल किंवा इतर आजार असतील तर डॉक्टर ते थोडं सैल ठेवतात.

शेवटच्या दोन गोष्टींनी मला सगळ्यात जास्त हात दिला आणि त्यात काहीच सोडावं लागलं नाही. भाजीतला चोथा आणि प्रथिनं आधी पोटात गेली की मागून येणारा स्टार्च सावकाश पचतो, शुगर एकदम उसळत नाही. आणि चालताना पायांचे स्नायू रक्तातलं ग्लुकोज ओढून घेतात, त्यासाठी त्यांना इन्सुलिनची फारशी वाटही बघावी लागत नाही. जोरात चालायची गरज नाही. मी फोनवर गप्पा मारत चालतो.

ताटाचा हिशेब सोपा ठेवा. निम्मं ताट स्टार्च नसलेल्या भाज्यांचं. एक चतुर्थांशात प्रथिनं, म्हणजे कडधान्यं, अंडी, मासे, पनीर, जे खात असाल ते. उरलेल्या चतुर्थांशात धान्य. ताट मात्र लहान घ्या, परातीएवढ्या ताटाचा चतुर्थांशही भरपूर होतो. किडनीचा त्रास असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी विचारून घ्या.

फळं परत सुरू करा. खरंच. अख्खं फळ, एका वेळी एक, शक्यतो भरल्या जेवणावर नको. मध्यम सफरचंदात साधारण २५ ग्रॅम कार्बोहायड्रेट असतात, पण चोथ्यासकट. रस काढला की चोथा जातो आणि तीन फळं दोन मिनिटांत पोटात जातात, म्हणून रस नको. कलिंगडाला लोक उगाच घाबरतात. डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ग्लायसेमिक इंडेक्सची, म्हणजे कोणता पदार्थ शुगर किती चढवतो याच्या आकड्याची, कल्पना मांडली. त्या आकड्यांच्या तक्त्यात कलिंगड वर दिसतं खरं, पण तो इंडेक्स ठरावीक कार्बोहायड्रेटवर काढलेला असतो. १०० ग्रॅम कलिंगडात ते ७-८ ग्रॅमच असतात, बाकी पाणी. एक-दोन फोडींनी काही बिघडत नाही. अर्धं कलिंगड संपवलंत तर मात्र मीटर तुम्हाला सांगेलच.

वजन जास्त असेल तर तो विषय टाळू नका. ब्रिटनमधल्या डायरेक्ट नावाच्या चाचणीचे निकाल २०१७ मध्ये आले. डायबेटिस होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या, इन्सुलिन न घेणाऱ्या लोकांना देखरेखीखाली काही महिने अगदी कमी कॅलरींचा आहार दिला होता. वर्षभराने त्यांतल्या ४६ टक्के लोकांची शुगर गोळ्यांशिवाय डायबेटिसच्या मर्यादेखाली होती. ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं, त्यांच्यात हेच प्रमाण ८६ टक्के. माझं नऊ किलो उतरलं. गोळी सुटली नाही, पण डोस निम्मा झाला.

आणि एचबीए१सी लगेच पुन्हा करू नका. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यामुळे तो आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचा असतो. तीन महिन्यांनी करा, तोवर वही बघा.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही: गोळ्या कोणत्या चालू आहेत? ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि भात एकदम निम्मा केलात, तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. उत्साहाच्या भरात मी एकदा गोळी घेऊन रात्री जेवलोच नाही. साडेअकराला दरदरून घाम, हात थरथरतायत, मीटरवर ५८. ७० च्या खाली गेलं की १५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण चार चमचे, पाण्यात घालून प्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं आणि तरीही कमी असेल तर पुन्हा तेवढीच घ्यायची. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता लगेच दवाखाना गाठायचा. ज्या गोळ्यांचं नाव ‘ग्लिफ्लोझिन’ने संपतं, त्या चालू असताना धान्य जवळपास बंद करणं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. तेव्हा आज रात्रीपासूनच भात कमी करणार असाल, तर आधी गोळ्यांच्या पाकिटावरची नावं वाचा आणि डॉक्टरांना एक फोन करा.